डाव्या नळीचा फुगा

मामाने वाकून माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "बाई, एवढा फुगा बसवून दे." या गोष्टीला आता दोन-तीन दिवाळ्या झाल्या. तरी आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात. लोक म्हणतात, सोडून दे, मामा आहे तो. मामा आहे म्हणूनच सोडत नाही. परका असता तर चार शब्द सुनावून विसरले असते.

आमच्या वऱ्हाडात मामा भाचीच्या पाया पडतो. भाची रांगती असली तरी पडतो. बाहेरगावच्या लोकांना हे उलटं वाटतं, आम्हाला लहानपणापासून यात काही वाटत नाही. लग्नात, सणावारी, गाडीत बसताना मामा वाकतो, भाची "राहू द्या, राहू द्या" म्हणते आणि पाय तिथेच ठेवते. यात माया असते, मान असतो. पण आपल्यापुढे वाकलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणता येत नाही, हेही त्यातच येतं. मामाला ते पक्कं ठाऊक होतं.

मी मलकापुरात बंदुका दुरुस्त करते. वडिलांचं दुकान, वडिलांचा परवाना, त्यांच्यामागे तो माझ्या नावावर झाला. लग्न जमलं नाही आणि मीही त्यासाठी फार खटपट केली नाही. मागच्या दोन खोल्यांत मी आणि माय राहतो, पुढे दुकान. लाइनीवरून मालगाडी गेली की भिंतीवरच्या कानशी खुळखुळ वाजतात. गिऱ्हाईक आलं की आधी आत डोकावतं आणि विचारतं, "मालक कुठं हायत?" मी म्हणते, बसा, येतील. मग त्याच्या हातातून बंदूक घेते, बिजागरीतून मोडून नळ्या खिडकीकडे धरते आणि आत काय झालंय ते सांगते. त्यावरही एखादा विचारतोच, "पण मालक कवा येतीन?" अशाला मी सरळ दुसरं दुकान शोधायला सांगते. दुसरं दुकान जवळपास नाही, म्हणून तो बसतो.

माझ्याकडे येतात त्या बहुतेक जुन्या विलायती दुनळ्या. आज्याने घेतलेल्या, बापाने वापरलेल्या, नातवाला धड उघडताही येत नाहीत अशा. शेतीच्या राखणीसाठी परवाना, म्हणून घरात टिकलेल्या. निवडणूक लागली की सगळ्यांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि तिथे त्या जळणाच्या काड्या रचाव्या तशा एकावर एक पडतात. निकाल लागला की माझ्या दुकानात पोचे यायला सुरुवात होते. नळीची भिंत पातळ असते. दुसऱ्या बंदुकीचा घोडा वरून आपटला की नळीला खळगा पडतो. तो पोचा. मी कोणाचा पक्ष धरत नाही, पण कोणतीही निवडणूक आली की माझं डोकं फिरतं.

पोचा काढणं हे कष्टाचं काम आहे, पण सरळ आहे. माझ्याकडे पोलादाची गुल्ली आहे. उभी चिरून दोन फाका केलेल्या आणि मधे निमुळता स्क्रू. गुल्ली तेल लावून नळीत सारायची, बरोबर पोच्याखाली आणायची आणि लांब दांड्याने स्क्रू फिरवायचा. फाका दूर होतात, पोचा आतून रेटला जातो. बाहेरून पितळेच्या हातोडीने भोवती टुकटुक करत राहायचं. पुन्हा नळी खिडकीकडे धरून बघायचं. चांगल्या नळीत उजेडाची गोल गोल कडी दिसतात, एकात एक, थेट टोकापर्यंत. जिथे पोचा असतो तिथे कडं चंद्रासारखं खाल्लेलं दिसतं. कडं पुरं गोल झालं की काम झालं. पोच्यात लोखंड कुठे जात नाही, फक्त जागा सोडतं.

फुग्याचं तसं नाही. नळीत काही अडकलेलं असताना मागून काडतूस उडालं की त्या जागी नळी बाहेर फुगते. लोखंड ताणलं जातं, पातळ होतं. आत उजेडाच्या कड्यांमध्ये एक काळं कडं दिसतं. बाहेरून ठोकून फुगा बसवता येतो, दिसेनासाही करता येतो, पण गेलेली जाडी परत येत नाही. भाकरी फुगली की तिचा पापुद्रा सुटतो. तुम्ही तो तळहाताने दाबा, भाकरी सपाट होईल, पापुद्रा पुन्हा चिकटत नाही. वडील एवढंच सांगायचे, आणि मला त्यापेक्षा जास्त कधी कळायची गरज पडली नाही.

मामाचं गाव सुलतानपूरच्या पलीकडे. जमीन गवताच्या टेकड्यांना लागून, त्यामुळे रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं पाचवीला पुजलेली. बंदूक आज्याची, म्हणजे मायच्या वडिलांची. दर उन्हाळ्यात ती माझ्या वडिलांकडे साफ व्हायला यायची. उजेडाची कडी मी पहिल्यांदा पाहिली ती याच नळीत, वडिलांच्या मांडीवर बसून. म्हणून दसरा झाल्यावर मामा ती घेऊन आला तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

मोडून पाहिली. पोचे होतेच, ते निवडणुकीचे. आणि डाव्या नळीला, मागच्या टोकापासून वीतभर अंतराच्या आतच, अख्ख्या गोलाईला फुगा. बोट फिरवायची गरज नव्हती, नुसतं दिसत होतं.

"हे कशानं झालं?" मी विचारलं.

"कोनास ठाऊक. काडतूस ओलं असन," मामा म्हणाला.

मी नळीत चिंधी फिरवली. चिंधीला काळ्याबरोबर लालसर भुगा लागून आला, आणि मधे करपलेले सुपारीचे तुकडे. तेव्हा मला सगळं कळलं. आज्याची रीत होती. खंडेनवमीला बंदूक मोडून पाटावर ठेवायची, हळदीकुंकू वाहायचं आणि दोन्ही नळ्यांत मागून एक-एक सुपारी ठेवायची. ओटी रिकामी ठेवत नाहीत तशी पूजेला नळी रिकामी ठेवायची नाही. दसऱ्याला सोनं वाटून आल्यावर सुपाऱ्या काढायच्या आणि मग घरधन्याने आभाळात बार काढायचे. आजा आधी सुपाऱ्या काढून धोतराच्या सोग्यात बांधायचा, मग काडतुसाला हात लावायचा. मामाने एक काढली, दुसरी पुढे घरंगळून अडकली, आणि भोवती चारचौघं सोनं घेऊन उभे होते म्हणून त्याने पाहिलं नाही.

"सुपारी होती आत," मी म्हटलं.

"बरं, होती. मंग? झाली चूक. हात बचावला, माय जगदंबेची कृपा." हसला. "आता तू बसवून दे. पयल्यासारखी दिसली पाह्यजे, काळी कुळकुळीत."

मी त्याला भाकरी आणि पापुद्रा सगळं सांगितलं. डाव्या नळीत यापुढे काडतूस घालायचं नाही, कधीच नाही, असंही सांगितलं. मामा प्रत्येक वाक्याला हाव हाव म्हणत होता. "वाजवते कोन, बाई? भिंतीवर टांगाले पाह्यजे. चार लोक येते घरी, बुढ्याची बंदूक पाह्यते, अन् फुगा दिसते. झाकली मूठ सव्वा लाखाची." आणि मग तो वाकला. माय आतून चहा घेऊन आली होती, भावाला माझ्या पायाशी पाहून तिचा जीव विरघळला. "पयले भावाचं काम कर," तिने मला बजावलं. मी हो म्हटलं.

काम मी जीव ओतून केलं, हे सांगायला मला लाज नाही. आधी पोचे काढले. मग फुग्यासाठी नळीच्या मापाची भरीव दांडी बनवून आत सारली आणि बाहेरून हलक्या हातोडीने गोल गोल ठोकत गेले. दुनळीत दोन नळ्यांच्या मधली पट्टी कथलाने जोडलेली असते. जोर जास्त झाला तर ती सुटते, म्हणून मधेमधे नळ्या दोरीला टांगून टिचकी मारायची. टण्ण वाजल्या तर पट्टी शाबूत, थप वाजल्या तर काम वाया. माझ्या शेवटपर्यंत टण्ण वाजल्या. मग घासलं, काळा रंग चढवला. नख फिरवलं तर कुठे अडकत नव्हतं. जाडी मोजायच्या कमानीत धरली तेव्हा मात्र काटा जिथे गेला तिथे जायला नको होता. मी मनाला म्हटलं, भिंतीवर तर टांगायची आहे.

दिवाळीच्या आठवड्यात मामाचा सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवर ठेवलेला गडी, एसटीने आला. मामाने मायसाठी टोपलीभर सीताफळं पाठवली होती. हा माणूस मामाकडे बरीच वर्षं आहे. पन्नाशीकडे झुकलेला, आखूड हातांचा, कमी बोलणारा. परवान्यावर मामाच्या नावाखाली राखणदार म्हणून याचं नाव आहे, म्हणजे मामाची बंदूक हाही वापरू शकतो. खरं तर हाच वापरतो. मामाने दसरा सोडून बंदुकीला शेवटचा हात कधी लावला ते त्यालाही आठवणार नाही.

टोपली ठेवून तो उंबऱ्याशी उभा राहिला. दोरीला टांगलेल्या नळ्यांकडे बघत राहिला.

"बसला फुगा," तो म्हणाला.

"बसला."

"ताई, एक इचारतो. मालक म्हनते, नवी होऊन येते. मंग आता वाजवाले काई हरकत नाई ना?"

मी हातातली चिंधी खाली ठेवली. "वाजवायला? कोणाला?"

"मले. हरभरा उगवून राह्यला ना. डुकरं एका रातीत वावर उकरते. दसऱ्यानंतर बंदूक पुसाले घेतली त फुगा बोटाले लागला. मी म्हनलं, मालक, म्या नाई वाजवत. मालक म्हनले, बरं, भाचीकडून नवी करून आनतो, मंग त वाजवशीन?"

बोलायला गेले असते तर त्या माणसासमोर मामाला शिव्याच निघाल्या असत्या. भिंतीवर टांगायची होती म्हणे. चार लोकांसाठी नव्हता झाकायचा तो फुगा, या एका माणसाच्या बोटासाठी झाकायचा होता. आणि झाकायला कोण? मी. माझं काम, माझी सफाई, नख अडकू नये म्हणून माझी चाललेली धडपड. माझ्या पायाला हात लावला होता तो यासाठी.

मी नळ्या दस्त्याला बसवल्या, दोन्हीकडे काडतूस नाही हे बघून बंदूक त्याच्या हातात दिली. "कशी धरता ते दाखवा," म्हटलं. त्याने खांद्याला लावली. उंच माणूस डावा हात पुढे ताणून धरतो. याचे हात आखूड, हा जवळ धरतो. डाव्या हाताचा पंजा बरोबर बसवलेल्या फुग्याखाली. अंगठा वरून वळलेला, तोही फुग्यावर. बाहेर लाइनीवर मालगाडी चालली होती, कानशी वाजत होत्या, आणि मी त्या अंगठ्याकडे पाहत होते.

"ही वाजवू नका," मी म्हटलं. "डावी नळी तर नाहीच. फुटेल. आज नाही तर दहाव्या बाराला."

त्याने बंदूक खाली घेतली. त्याला नवल वाटलं नाही. "तुमी सांगता ते खरं असन, ताई. पन मी तिकडं जाऊन काय सांगू? मालक म्हनतीन, भाचीनं नीट करून देल्ली, पाह्य, फुगा कुठी हाय? अन् मी काय दाखवू? फुगा होता तवा बोट ठेवून दाखवता येत होतं. आता म्या नाई म्हनलं त कामचोर. साल पाडव्याले संपते. मधातच सोडलं त गावात दुसरं कोनी ठेवत नाई."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी विचारलं, काडतूस फक्त उजव्या नळीत घातलं तर? तो म्हणाला, अंधारात डुक्कर अंगावर आलं की दुसरा बार लागतोच, आणि मालक दोन्ही नळ्या भरून हातात देतात. मायने त्याला फराळाचं ताट दिलं, त्याने ते पायरीवर बसून खाल्लं, टोपली रिकामी करून घेतली आणि तो एसटीला गेला.

तो गेल्यावर मी नळ्या पुन्हा काढल्या आणि टेबलाच्या पकडीत आवळल्या. गुल्लीला तेल लावलं. आयुष्यभर जी गुल्ली मी नळ्या सरळ करायला वापरली ती डाव्या नळीत सारली, बसवलेल्या फुग्याखाली आणली आणि स्क्रू फिरवायला घेतला. माय दारात आली. "काय करून राह्यली वं? झालं होतं ना काम?"

"झालं होतं," मी म्हटलं. "आता परत करते आहे."

साधा पोचा काढायचा तर मला दोन्ही हातांनी दांडा रेटावा लागतो, खांदे भरून येतात. इथे गुल्ली दोन बोटांनी फिरली. लोखंडाने काही विरोधच केला नाही, आपलं वर येत गेलं. तेवढ्यात मला जी चीड आली ती सालदाराशी बोलतानाही आली नव्हती. दोन बोटांना जी नळी दाद देत होती ती मामा त्या माणसाच्या पंज्यात ठेवणार होता, वर माझ्या हातचा काळा रंग लावून. फुगा पहिल्यापेक्षा थोडा मोठाच उठला. मग मी पॉलिशपेपर घेतला आणि तेवढ्याच पट्ट्यावरचा काळा रंग घासून पांढरं लोखंड उघडं केलं, अंधारातही चमकावं इतकं. मायला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माहा भाऊ असा नाई." मी म्हटलं, ठीक आहे, भाऊबीजेला येतोच आहे, तूच विचार.

मायचा भाऊ तिच्यासाठी कधीच असा नव्हता. आज्याच्या जमिनीच्या कागदावर त्याने तिचा अंगठा घेतला तेव्हाही असा नव्हता. आपला तो बाब्या. मी तिच्याकडून कसलीच अपेक्षा ठेवली नव्हती.

भाऊबीजेला मामा आला, बंदूक घरी न्यायची म्हणून सालदारालाही घेऊन आला. दुकान बंद होतं, पाट तिथेच मांडला होता, भोवती रांगोळी. माय ताट घेऊन उभी, निरांजन लावायचं बाकी. मामा पाटावर बसायच्या आधी म्हणाला, "पयले बंदूक पाहू दे." मी टेबलावर ठेवली. त्याने उचलली, डाव्या हातावर तोलली आणि त्याचा चेहरा पडला.

"हे काय वं? फुगा तसाच हाय."

"तसाच नाही. बसवला होता. परत काढला."

"काऊन?"

"तू म्हणालास भिंतीवर टांगायची. हे म्हणतात हरभऱ्यात न्यायची."

मामा दाराकडे वळला. "तू काय सांगतलं बे हिले?"

"म्या फकस्त इचारलं, मालक," सालदार म्हणाला. तो पायरीवरच उभा होता.

मग मामाची जीभ सुटली. लोखंड आहे, काचेचं भांडं नाही. दसऱ्याला वाजली तेव्हा काय झालं, काही झालं नाही. या माणसाला रात्रीचं जागायला नको, म्हणून फुग्याचं निमित्त. आणि मी, दीडशहाणी पोट्टी, बुढ्याच्या बंदुकीचं वाटोळं केलं. याला म्हणतात चोर तो चोर, वर शिरजोर. मी म्हटलं, "मामा, तुला फुगा दिसू नये असं नव्हतं, यांना दिसू नये असं होतं. एवढं सरळ बोलला असतास तर मी तेव्हाच बंदूक तुझ्या हातात परत दिली असती." तो मायकडे वळून म्हणाला, "ताई, तू सांग तुह्या पोरीले. घरचीच हाय ना ते? का त्या सालदाराची हाय?"

मायच्या हातात काडीपेटी होती. ती तिने ताटात ठेवली.

"भाऊ," ती म्हणाली, "तुले एवढा भरवसा हाय त मंग पयले तूच वाजवजो ना. डाव्या नळीनं. परवान्यावर पयलं नाव तुहंच हाय."

मामाचा डावा हात बंदुकीखाली होता, पांढऱ्या पट्ट्यापासून चार बोटं अलीकडे. त्याने बंदूक टेबलावर ठेवली. मग तो हात सदऱ्याच्या खिशात घातला आणि तिथेच ठेवला. सालदाराने ते पाहिलं. मायने पाहिलं. मीही पाहिलं.

"माहा खांदा दुखून राह्यला दसऱ्यापासून," मामा म्हणाला.

"हाव ना," माय म्हणाली. "अन् त्याले बी हात हाय."

तरी तिने त्याला ओवाळलं. भाऊबीज होती, आणि ती माझ्यासारखी नाही. तो जेवला. निघताना सवयीने तो माझ्यापुढे वाकला. मी पाय मागे घेतले. राहू दे म्हटलं नाही, नुसते पाय मागे घेतले. मामा वाकल्या जागी थोडा थांबला आणि सरळ झाला. त्याला त्या वयात असं अर्धवट वाकून उठायला त्रास झाला असेल. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. सालदाराने बंदूक खोळीत घालायच्या आधी डाव्या नळीवरून एकदा अंगठा फिरवला आणि दोघं गेले.

त्या हंगामात हरभऱ्याची राखण सालदाराने पत्र्याचा डबा बडवून आणि बॅटरी मारून केली. डुकरांनी थोडं खाल्लं, थोडं राहिलं. बंदूक मामाच्या ओसरीत खुंटीवर आहे, फुगा भिंतीच्या बाजूला करून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

उन्हाळ्यात मामाच्या मुलाचं लग्न होतं. माय म्हणाली जाऊ, म्हणून गेलो. मांडवात पंगत बसली होती आणि मामा पाहुण्यांना ऐकू जाईल असं सांगत होता की भाचीने बुढ्याची बंदूक कशी बिघडवली. माझ्या शेजारी नवरीकडची एक म्हातारी बसली होती. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तूच का वं ते, बंदूक बिघडवनारी?"

"हाव," मी म्हटलं. "मीच."

तेवढ्यात वाढपी आमच्या ओळीत आले. वरण सालदाराकडे होतं. डाव्या हातात भरलेली बादली, काठोकाठ, कडीभोवती पाचही बोटं आवळलेली, उजव्या हातात पळी. माझ्या पानासमोर येऊन तो थांबला. "घ्या ना, ताई," म्हणाला. माझं पोट भरलं होतं, तरी मी अजून एक पळी वरण घेतलं.